वडीलधाऱ्यांचे ई-मेल आणि आपली अमानत

पवित्र कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयीही नाही. ती कर्जाच्या देवघेवीविषयी आहे. सूरह अल-बकराच्या या 282 व्या आयतीत व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. त्यातच एक तरतूद अशी की, ज्याच्यावर देणे आहे तो अजाण, दुर्बल किंवा मजकूर सांगण्यास असमर्थ असेल, तर त्याच्या वलीने न्यायपूर्वक तो मजकूर सांगावा. वाचकहो, या तरतुदीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अल्लाहने असमर्थ माणसाला व्यवहारातून हाकलून दिले नाही. व्यवहार त्याचाच राहिला; त्याच्या शेजारी फक्त एक न्यायी माणूस बसवला गेला.

आज हा न्यायी माणूस कोठे असतो? बहुधा शेजारच्या खोलीत, स्वतःच्या मोबाईलमध्ये गुंतलेला. आणि इकडे अब्बा चष्मा पुसून एकेक ई-मेल वाचत असतात. मेलबॉक्स भरला आहे, 24 तासांत पासवर्ड न दिल्यास खाते बंद होईल. हयातीचा दाखला न पोहोचल्याने निवृत्तिवेतन थांबवले आहे. अल्प खर्चात उमराहसाठी आपली निवड झाली आहे, नोंदणीची रक्कम आजच भरा. ज्या पिढीने सरकारी पत्र आदराने उघडले आणि मुदतीच्या आत उत्तर दिले, तिच्या याच सचोटीचा फसवणारा फायदा घेतो. म्हणून अशा वेळी त्यांना भोळे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सूरह अल-हुजुरातच्या 6 व्या आयतीत शिकवण आहे की, विश्वासास पात्र नसलेल्या माणसाने वार्ता आणली तर तिची शहानिशा करावी. यावर काही धर्मपरायण वडीलधारी म्हणतात, ‘बेटा, कोणाविषयी वाईट ग्रह बाळगणे गुनाह आहे.’ त्यांचे म्हणणे निराधार नाही. त्याच सूरहची 12 वी आयत अतिसंशयापासून रोखते. परंतु आधाराविना एखाद्या माणसाविषयी मन कलुषित करणे वेगळे आणि समोर आलेल्या दाव्याची पडताळणी करणे वेगळे. त्यांना हे त्यांच्याच भाषेत समजावून सांगावे, म्हणजे शहानिशा करताना त्यांच्या मनावर ओझे राहणार नाही.

मग शेजारी बसून दाखवावे की, ई-मेलवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव कोणीही वाटेल ते लिहू शकतो. नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडतो. निळ्या अक्षरांत बँकेचे नाव असले, तरी ती लिंक भलतीकडे नेऊ शकते. म्हणून लिंकवरून जाऊच नये. पासबुकावरील क्रमांकावर फोन करावा, किंवा शाखेत जावे. ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. हे एकदा सांगून भागत नाही. त्यांनी दहाव्यांदा विचारले, तर दहाव्यांदा सांगावे; आपल्याला चमचा धरायला त्यांनी किती वेळा शिकवले होते, याची मोजदाद कोणी ठेवली आहे?

सहीह मुस्लिममध्ये हजरत मुआविया बिन हकम (रजि.) यांचा प्रसंग आहे. नमाज सुरू असताना ते अजाणतेपणी बोलले. लोकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले, परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नमाजनंतर ना दरडावले, ना कठोर शब्द वापरला, फक्त योग्य काय ते सांगितले. याहून उत्तम शिक्षक आपण पाहिला नाही, अशी साक्ष ते स्वतः देतात. आपल्या घरांत मात्र पहिले वाक्य असते, ‘कशाला हात लावलात?’ त्याचा परिणाम असा की, पुढच्या वेळी अम्मी सांगतच नाहीत. आणि न सांगण्याची किंमत मोठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ओरडण्याच्या भीतीने लपवलेला प्रत्येक तास असा पैशांत मोजला जातो.

मदतीच्या नावाखाली दुसराही अन्याय होतो. ‘द्या इकडे, मीच बघतो’ म्हणत मुलगा पासवर्ड घेतो, सारी पत्रे वाचतो आणि हळूहळू खातेही चालवू लागतो. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी धुंडाळण्यास कुरआनने मनाई केली आहे. त्यातून आई-वडील वगळलेले नाहीत. परवानगी घ्यावी, गरजेपुरतेच पाहावे आणि पासवर्ड टाकताना नजर दुसरीकडे वळवावी. खाते हाताळावेच लागले, तर हिशेब लिहून ठेवावा व भावंडांना, विशेषतः सासरी असलेल्या बहिणींनाही तो दाखवावा. वारशाच्या कित्येक तंट्यांची सुरुवात अशाच न लिहिलेल्या मदतीतून झालेली असते.

श्रद्धावंताने एकाच बिळातून दोनदा दंश होऊ देऊ नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण पुष्कळदा वडीलधाऱ्यांना टोमणा म्हणून ऐकवली जाते. वस्तुतः तिच्यात पहिल्या दंशाची निंदा नाही. तो झालाच असेल, तर प्रथम बँकेला कळवून खाते गोठवावे, लगेच 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, नंतर पासवर्ड बदलावा. आणि तो ई-मेल रागाच्या भरात पुसून टाकू नये; तक्रारीसाठी तोच पुरावा असतो.