न्यायासनावर कोणास बसवावें?

रामशास्त्री प्रभुण्यांस न्यायाधीशपदीं पेशव्यांनींच नेमिलें होतें. तरी नारायणरावाच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांस दोषी ठरवितांना ते कचरले नाहींत. तेव्हां माणूस सच्चा असला म्हणजे नेमणारा कोण हें कशास पाहावें, असें आम्हांस वर्गांत विचारण्यांत येतें.

१९४६ सालीं टोकियोस जपानी पुढाऱ्यांवर खटला चालला, तेव्हां अकराही न्यायाधीश जेत्या पक्षाचे होते व त्यांस जनरल मॅकार्थर यांनीं नेमिलें होतें. फिलिपाइन्सचे हारानिल्या तर बाटानच्या मृत्युयात्रेंतून वांचलेले. झालेल्या शिक्षा त्यांस सौम्य वाटल्या यांत नवल तें काय! आपल्या राधाविनोद पालांनीं सर्वच आरोपींस निर्दोष ठरविलें. पण त्यामुळें सात फांशा टळल्या नाहींत. सच्चा माणूस एकटा पडला कीं एवढेंच होतें. शास्त्रीबोवांसही अखेर पद सोडूनच जावें लागलें.

हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अठरा न्यायाधीश सभासद राष्ट्रें गुप्त मतदानानें निवडतात. मुदत नऊ वर्षें; फेरनिवडणूक सहसा नाहीं. हा शेवटचा नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो, कारण पुन्हा मतें मागावयाचीं नसलीं म्हणजे कोणाची मर्जी राखण्याचें कारण उरत नाहीं. उमेदवार मात्र सरकारेंच पुढें करितात, आणि तो सभासद राष्ट्राचाच नागरिक लागतो. आपला देश सभासद नाहीं. तेव्हां तेथें दुसरा पाल धाडण्याची वाट आपणच बंद ठेविली आहे.