तेच इंजिन

मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या. पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या खासगी पद्मिनी हौशी लोकांनी जपल्या आहेत, आणि त्यांची १०८९ सीसीची चार सिलिंडरची इंजिनं अजून खोलली जातात, बांधली जातात. ब्लॉक बोअर होतो, क्रँक ग्राइंड होतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन नवी येतात. काही महिने ट्रेमध्ये सुटं पडलेलं हे सामान बांधून पहिल्यांदा स्टार्टर मारला आणि इंजिनानं आवाज धरला, की मालक म्हणतो, ‘इंजिन पुन्हा सुरू झालं.’ त्या ‘पुन्हा’मध्ये एक दावा आहे: हे तेच इंजिन आहे. दावा खरा मानायचा का? आपल्याकडच्या दर्शनांनी या प्रश्नावर पुष्कळ डोकं चालवलंय, आणि गंमत म्हणजे एरवी एकमेकांशी हाडवैर असलेले दोन पक्ष इथं जवळपास एकच उत्तर देतात: नाही.

मिलिंदपञ्हा या बौद्ध ग्रंथातला रथ सर्वांच्या ओळखीचा आहे. राजा मिलिंद रथातून आला, तर भिक्षू नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सगळे भाग मिळून रथ का? की भागांवेगळा कुणी रथ आहे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि मग ‘रथ’ हे भागांच्या आधारानं चालणारं नुसतं नाव ठरतं. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर असतो, आणि त्याचा पुरावा ते रोजच्या अनुभवातून देतात: वस्तूचं एक टोक धरलं की सगळी उचलली जाते, एक टोक ओढलं की सगळी मागं येते, वाळूच्या ढिगाचं तसं होत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. पण याच मताची दुसरी बाजू अशी, की एक अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांतून नवा उत्पन्न होतो. म्हणजे साधा प्लग बदलला तरी न्यायाच्या हिशेबानं इंजिन दुसरं! बौद्धांनी इंजिनाला नाव म्हणून उडवलं, नैयायिकांनी त्याला खरं मानून दर सर्व्हिसिंगला मारलं. मालकाच्या ‘पुन्हा’ला दोघांकडेही जागा नाही.

दोघंही एका गोष्टीकडे बघत नाहीत असं मला वाटतं. त्यांच्या उदाहरणांत भाग आधी तयार होतात आणि मग एकत्र येतात. चाकाला आसाची आठवण नसते. इंजिनात तसं नाही. पद्मिनीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. वर्षानुवर्षांच्या धावण्यानं तो झिजतो, वेडावाकडा होतो. तो पुन्हा गोल करायला समजा ६८.४ पर्यंत बोअर केला, तर आता ६८.४चाच पिस्टन हवा. कारखान्याच्या मापाचा कोरा पिस्टन बिनकामाचा. क्रँकचं उलटं. तो घासून बारीक होतो, म्हणून बेअरिंग त्या मानानं जाड लागतं. नवा सुटा भाग खोक्यातून येतो खरा, पण कोणत्या मापाचा आणायचा हे जुन्या इंजिनाच्या झिजेनं आधीच ठरवलेलं असतं. जुना पिस्टन भंगारात गेला, त्याचा इतिहास मात्र ०.४ मिलिमीटर होऊन नव्या पिस्टनमध्ये आला. हे नुसतं नाव नव्हे. आणि एका क्षणात मेलेला अवयवीही नव्हे.

पहिल्या स्टार्टचं महत्त्व इथं कळतं. बांधून झालेलं, पण न सुरू झालेलं इंजिन मापानं पूर्ण असतं. एकही नट कमी नाही. तरी मेकॅनिक त्याला झालं म्हणत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. होनिंग करताना सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी मुद्दाम ठेवतात, रिंगांनी ती घासून आपली जागा करावी म्हणून. भिंत फार गुळगुळीत झाली तर रिंगा बसत नाहीत, ऑइल जळतं, निळा धूर येतो. कॅमशाफ्ट नवा असेल तर पहिली वीसेक मिनिटं इंजिन आयडलवर सोडत नाहीत, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवतात. कॅम आणि टॅपेट एकमेकांना घडवतात ते तेव्हा. आणि एकदा जोडी जमली की टॅपेटची अदलाबदल चालत नाही: पुढच्या वेळी खोलाल तेव्हा प्रत्येक टॅपेट त्याच्याच कॅमवर परत. म्हणजे अवयवी अवयवांच्या आधी नाही, शेजारी नाही, त्यांच्या वर बसलेलाही नाही. चालण्यातून भाग एकमेकांवर जे कोरतात, ते तो आहे. नागसेनानं रथाची यादी केली तेव्हा रथ उभा होता, हे विसरून चालणार नाही.

गंमत अशी की नागसेनाकडेच याहून चांगलं उत्तर होतं. जन्म घेणारा तोच की दुसरा, असं राजानं विचारल्यावर तो रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहराची नव्हे, पण दिवा दुसराही नव्हे. तोही नाही, अन्यही नाही. एक संतान, एक ओघ. नैयायिक यावर म्हणेल, ज्योतीचं तेच-पण हा तर सादृश्यानं होणारा भ्रम. ज्योतीपुरतं असेलही, पण इंजिनात पुढच्या भागावर मागच्याचं माप असतं, सादृश्य नसतं. खरा आक्षेप वेगळाच आहे: दिवा रात्रभर विझत नाही, इंजिन मात्र महिनोन्‌महिने विझलेलं होतं. हाच पेच बौद्धांपुढं निरोधसमापत्ती या ध्यानावस्थेच्या रूपानं आला होता. त्या अवस्थेत चित्त पार थांबतं. मग ते पुन्हा कुठून उठतं? वसुबंधूच्या अभिधर्मकोशात यावरचं एक मत असं, की बीजं देहात राहतात. ट्रेमधली मेन बेअरिंगची कॅप बघा. ब्लॉकला जोडूनच तिचं भोक मशिनिंग केलेलं असतं, म्हणून तिच्यावर खुणेचा आकडा ठोकतात आणि ती आपल्याच जागी जाते, दुसरीकडे बसत नाही. चालणं थांबलं होतं, बीज त्या लोखंडात होतं.

एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाबद्दल तत्त्वज्ञ हॉब्जनं टाकलेला पेच (काढलेल्या फळ्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं?) इथं आपोआप सुटतो. काढलेल्या जुन्या फळ्यांतून दुसरं जहाज बांधता येईल, कारण फळीला फळी जुळते. काढलेल्या पिस्टन-रिंगांतून दुसरं इंजिन होणार नाही, त्यांच्याबरोबर झिजलेला सिलिंडर बोअरिंगच्या मशिनवर संपला. मग तेच-पण म्हणजे फक्त ब्लॉक? आरटीओला तसंच वाटतं, ठोकलेला नंबर तिथंच असतो. ब्लॉक तडकला आणि दुसऱ्या गाडीचा घातला, तर मीही म्हणेन की ओघ तुटला. पण फळीवर ठेवलेला रिकामा ब्लॉक इंजिन नाही. शिवाय लायनर ठोकून सिलिंडर पुन्हा ६८ला आणता येतो, आणि तेव्हा माझ्या ०.४ मिलिमीटरच्या युक्तिवादाची धार बोथट होते, हे कबूल केलं पाहिजे. तिथं तेच-पण पातळ होतं, संपत नाही. कमी-जास्त असणारं तेच-पण न्यायशास्त्राला खपणार नाही आणि सरकारलाही नाही. २०२१च्या नियमानं पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ ठरायला मूळ स्वरूप हवं, मोठी डागडुजी झालेली नको. पन्नास वर्षं चाललेल्या इंजिनाचं मूळ स्वरूप कोणत्या सालचं धरायचं? रिंगा बसल्या की काहीशे किलोमीटरनंतर पहिलं ऑइल काढतात. उन्हात धरलं तर त्यात लोखंडाची बारीक चमक दिसते. त्यातली नव्या रिंगांची किती आणि जुन्या ब्लॉकची किती, ते निवडता येत नाही.