आमचें घर आणि आपलें घर

कुटुंबांतील कलह घेऊन समुपदेशकाकडे जाणें आतां आपल्या समाजांत फारसें नवलाचें राहिलेलें नाहीं. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें तर समेटासाठीं प्रयत्न करणें हें न्यायालयाचेंच कर्तव्य ठरविलें. परंतु समेट घडवूं पाहणाऱ्यानें त्या घराच्या चालीरीतींचा मान कोठवर राखावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

मान राखावा, हें तर निर्विवाद. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णांच्या आप्तांना आवारांतच तंबूंत राहूं दिलें आणि शुश्रूषेंत सामील करून घेतलें. घर हें त्यांनीं उपचाराचेंच एक अंग मानलें. भावनांच्या ओढींतहि माणसानें आपलें स्वत्व वेगळें राखावें, हें अमेरिकेंतील मरे बोवेन यांच्या उपपत्तीचें एक प्रमुख सूत्र. तें त्याज्य नव्हे. पण आंधळेपणानें लावल्यास बिऱ्हाड बदलण्यापूर्वीं आईला विचारणारा तीस वर्षांचा मुलगा अपक्व ठरेल. आपल्याकडे असें विचारणें ही पुष्कळदां परावलंबनाची नव्हे, तर आदराची खूण असते.

मात्र धोका येथेंच आहे. समजा, सुनेला नोकरी करावयाची आहे, आणि सासूबाई म्हणतात, "आमच्या घरांत असें चालत नाहीं." समुपदेशक ही त्या घराची संस्कृति समजून मान डोलावतो. सून तेथें दहा वर्षें नांदते आहे, तरी त्या 'आमच्या'मध्यें ती नाहीं! 'आम्ही' म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणतांना तो आंत येतो. हा भेद आपल्या भाषेनें केव्हांच ओळखला आहे.

संस्कृति ही घरांतील सर्वांत मोठ्या आवाजाची मालमत्ता नव्हे. जाणता समुपदेशक वडीलधाऱ्यांचा मान राखून प्रथम सासूबाईंशींच बोलेल; पण विचारील तें असें, "तुम्ही या घरांत आलांत, तेव्हां तुम्हांला काय सोडावें लागलें?" या प्रश्नांत रीतीचा अवमान नाहीं. त्या रीतीची किंमत ज्यांनीं स्वतः मोजली, त्यांनाच तो तिचा हिशेब विचारतो.

जेथें मारहाण आहे, तेथें मात्र समेटाची घाई हाच दुसरा अन्याय होय. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ सालीं झाला. तेथें आधीं संरक्षण, मग संवाद. कोणत्याहि परंपरेच्या नांवाखालीं हा क्रम उलटतां कामा नये.

घर मोडलें नाहीं, एवढ्यानेंच समेट झाला असें आम्ही मानीत नाहीं. सून निःशंकपणें "आपल्या घरांत" असें म्हणूं लागावी आणि तें ऐकून कोणाच्याहि कपाळाला आठी पडूं नये, तेव्हांच तो झाला म्हणावयाचा.