पदवी आणि बुद्धी: एक नैयायिक विचार

गुरुग्रामाहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या मानेसर या औद्योगिक नगरीत एकीकडे मारुतीचा मोटारींचा कारखाना असून तेथे आयटीआयचे दाखले घेऊन आलेले तरुण पाळीपाळीने राबत असतात, आणि त्याच पंचक्रोशीत राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्र उभे आहे, जेथे साक्षात मेंदूचेच अध्ययन करून डॉक्टरेट मिळवता येते. या केंद्रास २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००३ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्रास अर्पण केले. ज्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ हे बिरुद साऱ्या देशाने आपण होऊन लावले, त्या कलामांपाशी प्रबंध सादर करून मिळवलेली डॉक्टरेट नव्हती. होत्या त्या सर्व विद्यापीठांनी सन्मानार्थ दिलेल्या. मेंदूचे पंडित निर्माण करणाऱ्या संस्थेचा अर्पणविधी अशा पुरुषाच्या हातून व्हावा, हा योग विचारास प्रवृत्त करणारा खरा.

उच्च पदवी हे बुद्धीचे चिन्ह आहे काय, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे बहुधा बहिणाबाई चौधरींचे नाव घेतले जाते, किंवा देवळालीच्या शाळेत गणित शिकवता शिकवता १९४९ साली ६१७४ या अंकाचा चमत्कार जगापुढे मांडणाऱ्या द. रा. कापरेकरांचे. एकीला अक्षरओळख नव्हती, दुसऱ्यांपाशी बी.एस्सी.पलीकडे काही नव्हते. तेव्हा पदवी निरर्थक, असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. परंतु हा निकाल तर्कदुष्ट आहे, आणि तो तसा का आहे हे आपल्याच नैयायिकांनी शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे अनुमान करता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे मात्र म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायला ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि ही जी मधली अट, तिलाच न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. बुद्धी हा अग्नी आणि पदवी हा धूर मानला, तर कापरेकर आणि बहिणाबाई हे तप्त लोहगोल होत. त्यांच्या उदाहरणाने पदवी नाही म्हणून बुद्धी नाही, हे अनुमान पार ढासळते. पदवी आहे म्हणून बुद्धी आहे, या अनुमानाला मात्र त्यांच्यामुळे यत्किंचितही धक्का लागत नाही.

ते अनुमान दुसऱ्याच जागी लंगडे आहे. दुरून धुके पाहून धूर समजणारा फसतो, हे तर उघडच. विकत घेतलेल्या प्रबंधांची गणना त्या धुक्यात करावी आणि पुढे जावे. माझा आक्षेप प्रामाणिक पदवीविषयी आहे. खरा धूर असला म्हणजे कोठेतरी अग्नी आहे एवढे सिद्ध होते, तो किती मोठा आहे हे नव्हे. उलट सरपण पुरेसे ओले असले तर लहानशा निखाऱ्याचाही धूर आभाळभर पसरतो. पदवी जसजशी ‘उच्च’ होत जाते तसतशी ती बुद्धीपेक्षा सरपणाचीच साक्ष अधिक देऊ लागते, असे माझे मत आहे. आणि हे सरपण म्हणजे पोटभर अन्न, कमाईच्या चिंतेतून मिळालेली पाचसात वर्षांची सवड, भला मार्गदर्शक, आणि एकाच विषयाला चिकटून राहण्याची चिकाटी. चिकाटी हा गुण थोर आहे, पण तो निराळा गुण आहे.

अन्नाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही जाऊन चोविसाव्या वर्षी सर्व वेद पढून, आणि अर्थात ताठा घेऊन, परत येतो. तेव्हा पिता उद्दालक त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो आणि मग ऋचा म्हणावयास सांगतो. मुलाला एक अक्षर आठवत नाही. जेवण होताच सारे आठवते. बारा वर्षांच्या विद्वत्तेचा आधार कशात होता हे याहून स्पष्ट रीतीने कोणी दाखवले असेल असे मला वाटत नाही, आणि आजच्या मेंदूशास्त्रज्ञालाही या प्रयोगात फारसे वावगे आढळू नये.

मेंदूवरून तरी बुद्धी मोजता येईल या आशेने एकोणिसाव्या शतकात युरोपात मृत पंडितांचे मेंदू तराजूत घालण्यात आले. तुर्गेनेव्हचा दोन किलोंच्या वर भरला आणि पुढे आनातोल फ्रान्सचा जेमतेम एक किलो, आणि साहित्याच्या दरबारात दोघांचेही स्थान मानाचे.

आता सरपण कोणाला मिळते हा प्रश्न उरतो, आणि तो धार्मिकही आहे. गुरुग्राम हे द्रोणाचार्यांचे गाव अशी लोकश्रुती असून मानेसरच्या वाटेवरील खांडसा येथे एकलव्याचे मंदिर आहे; अग्नी असलेल्याला सरपण नाकारल्याची याहून प्रसिद्ध कथा आपल्याला ठाऊक नाही. पुण्यात पेशवे श्रावणमासी रमण्यात विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणा वाटीत, तेव्हा परीक्षा खरी होती, विद्याही खरी होती, पण दरवाजा ब्राह्मणापुरताच खुला होता. म्हणून पदवीची थट्टा करण्याची जी हौस हल्ली सुशिक्षितांत बोकाळली आहे, ती मला मुळीच रुचत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या सरपण रचून ठेवलेले आहे त्यांनी धुराला नाक मुरडावे, हे शोभत नाही. ज्या घरातून आजवर धूर निघालाच नाही, तेथील पहिली पदवी ही सरपणाची नव्हे, अग्नीचीच साक्ष असते, कारण तेथे ओली फाटीसुद्धा स्वतःच्या हाताने तोडून आणावी लागलेली असते. एकच प्रमाणपत्र दोन घरांत दोन निराळ्या गोष्टी सांगते, आणि मुलाखतीच्या मेजापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याने ते वाचताना उमेदवाराचे घरही वाचले पाहिजे.

अर्थात वाचणारा डोळे मिटून बसला असेल तर धूर आणि अग्नी दोन्ही व्यर्थ. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन आणि लंडनमध्येही अध्ययन करून १९१७ साली बडोद्याच्या सरकारी नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई दफ्तराचे कागद त्यांच्या मेजावर दुरून फेकीत असत, आणि राहावयास जागा मिळेना म्हणून नाव लपवून ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तेथूनही त्यांना हुसकून लावण्यात आले.