पांचवें चाक

काटकसर हा गुण आणि कंजुषी हा दोष, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु पहिलीची हद्द कोठें संपते आणि दुसरीची कोठें सुरू होते, हें सांगण्याची वेळ आली म्हणजे शहाणीं माणसेंही घोटाळ्यांत पडतात. अशा वेळीं मोठमोठ्या त्यागांच्या कथांपेक्षां एखादें घरगुती उदाहरण अधिक उपयोगी पडतें. एखादें मध्यमवर्गीय कुटुंब दुसऱ्यानें वापरलेली मोटार विकत घेतें. घरीं आल्यावर डिकी उघडून पाहावें, तों तेथील जादा चाकाचा, म्हणजे आपल्या नेहमींच्या भाषेंत स्टेपनीचा, टायर पार झिजलेला आढळतो. मोटारीसाठीं आधींच ओढाताण झालेली असते. 'तें चाक पडूनच तर राहणार. मिळेल तो स्वस्त टायर घालून टाकूं,' असा निकाल बहुतेक घरांत लागतो. तो निकाल नीतीच्या कसोटीस कितपत उतरतो, एवढाच प्रस्तुत प्रश्न आहे.

प्रथम हें चाक कशासाठीं असतें तें पाहूं. वेल्समधील लानेली गांवीं स्टेपनी नांवाचा रस्ता आहे. तेथें १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनीं फुटलेल्या चाकावर अडकवितां येईल अशी, फुगविलेल्या टायरची बिनआऱ्यांची धाव विकण्यास आरंभ केला, आणि रस्त्याचें नांव त्या वस्तूस मिळालें. तोंपर्यंत टायर फुटला कीं प्रवाशानें वाटेंतच बसून तो दुरुस्त करावा, अशी रीत होती. जादा चाक हें अशा रीतीनें संकटासाठीं राखून ठेवलेलें आश्वासन आहे. तें वर्षभर उपयोगांत आलें नाहीं म्हणून निरुपयोगी ठरत नाहीं. आणि ज्या दिवशीं उपयोगांत येईल, तो दिवस बहुधा सोयीचा नसतो. कसाऱ्याच्या घाटांत, भर पावसांत, रात्रीच्या वेळीं, मुलेंबाळें गाडींत असतांना त्याची आठवण होते. नित्याच्या चार चाकांना उत्तम आणि आणीबाणीच्या पांचव्याला टाकाऊ, ही वांटणी म्हणूनच उलटी आहे.

स्टेपनी नसणें हें मात्र पाप नव्हे. ट्यूब नसलेले टायर, हवेचा दाब दाखविणारें यंत्र आणि पंक्चर काढण्याचें साहित्य असेल, तर लहान प्रवासी मोटारीस जादा चाकावांचून चालूं देण्याची मुभा आपल्याकडील नियमांनीं २०२० सालीं दिली. जेथें चाक नाहीं हें ठाऊक असतें, तेथें मनुष्य त्या बेतानें वागतो. परंतु डिकींत कुजका टायर ठेवून निर्धास्त होणारा मनुष्य स्वतःचीच फसवणूक करतो, आणि त्या फसवणुकींत सोबत्यांनाही ओढतो.

याचा अर्थ स्वस्त टायर घेऊंच नये असा नाहीं. पुण्याच्या नाना पेठेंत किंवा मुंबईस कुर्ल्याला हिंडणाऱ्यास ठाऊक असेल कीं, स्वस्त मालाच्या जाती अनेक आहेत. अपघातांत मोडलेल्या गाडीची, रस्त्यास फारशी न लागलेली स्टेपनी तेथें कमी किंमतींत मिळूं शकते. दुसरी जात घरचीच: नवे टायर घेतांना जुन्यांतील सर्वांत चांगला पांचव्या चाकासाठीं राखावा, ही जुनी चाल आहे. या दोन्हींतील बचत घेणाऱ्याच्या श्रमांतून येते. त्यास १६५/८० आर १४ यासारखा आकडा आपल्या गाडीशीं जुळवावा लागतो. २३१९ असा चार आंकड्यांचा शिक्का दिसला, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला, हें ओळखावें लागतें. कारण न वापरलेलें रबरही म्हातारें होतें, आणि दहा वर्षांपलीकडे टायर वापरूं नये असें अनेक कारखानदार सांगतात. खांचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खालीं गेलेली नाहीं, बाजूस भेगा नाहींत, हें पाहावें लागतें. त्याच बाजारांत तिसरी जात असते. झिजलेल्या टायरवर धारदार हत्यारानें नव्या खांचा कोरतात आणि वर काळा रंग फांसतात. लहान मोटारींचे टायर अशा कोरणीसाठीं बनविलेले नसतात. आधींच पातळ झालेलें रबर त्यामुळें आणखी पातळ होतें. येथील बचत कोणाच्याही श्रमांतून आलेली नसून गाडींत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेंतून काढलेली असते.

कोणी म्हणेल, हा सुखवस्तूंचा उपदेश आहे; ज्याच्या खिशांत पैसेच नाहींत त्यानें काय करावें? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर कारखानदारांच्याच एका वहिवाटींत सांपडतें. कित्येक नव्या गाड्यांबरोबर अरुंद, तात्पुरतें चाक देतात. तें स्वस्त असतें, उणें असतें. पण ताशी ८० किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं नये, अशी सूचना त्याच्यावरच छापलेली असते. आपलें उणेपण तें लपवीत नाहीं. गरिबानें झिजलेला पण धड टायर घ्यावा, त्याला कुबडी समजावें, आणि हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरतें त्याच्यावर विसंबावें. गरिबी मर्यादा घालते. त्या मर्यादेविषयीं खोटें बोलण्याची सक्ती ती करीत नाहीं.

आतां विकणाऱ्याकडे वळूं. रोमन पंडित सिसरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत विकाऊ घराचें उदाहरण घेतलें आहे. घर रोगट आहे, हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें तें सांगावें कीं नाहीं? डायोजेनीसचा पक्ष असा कीं, मालकानें घेण्याची सक्ती केली नाहीं, घेणाऱ्यानें पाहून घ्यावें. अँटिपेटरचा पक्ष असा कीं, दुसऱ्यास जाणूनबुजून चुकूं देणें हें वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहूनही वाईट. सिसरोनें कौल दुसऱ्या बाजूस दिला. आपला १९३० चा मालविक्रीचा कायदा मात्र, वस्तु तपासून घेणाऱ्यास तपासणींत सहज दिसले असते अशा दोषांबद्दल गर्भित अटीचा आधार देत नाहीं. कायद्याचें तें करणें समजण्यासारखें आहे; डोळे उघडे ठेवण्याचें काम तो ग्राहकावर सोंपवितो. तथापि कायदा गप्प बसला म्हणून विक्रेत्यास गप्प बसण्याचा नैतिक अधिकार मिळतो, असें नव्हे. 'स्टेपनी कामाची नाहीं,' या तीन शब्दांनीं किंमत थोडी उतरेल. पण न बोलतां मिळविलेले ते पैसे पुढें घाटांत कोणी तरी अनोळखी मनुष्य भरणार असतो.

तेव्हां काटकसर आणि कंजुषी यांचा निवाडा रकमेवरून होत नाहीं. वांचविलेल्या पैशाचा भार कोणावर पडला, यावरून होतो. हिंडून, विचारून, वाट पाहून जो स्वस्त टायर मिळवितो, तो भार स्वतः उचलतो. जो डोळे मिटून कोरलेला टायर घेतो, तो शेजारीं बसलेल्या पत्नीवर, मागें झोंपलेल्या मुलांवर आणि समोरून सायकलीवर येणाऱ्या मजुरावर, त्यांस न विचारतां, तो टाकतो. कोणासही वापरतां येईल अशी याची परीक्षा सोपी आहे: हा टायर मीं कोठून व कां घेतला, हें गाडींत बसणाऱ्यांना निघण्यापूर्वीं सांगतां येईल काय? येत असेल, तर तो कितीही स्वस्त असो, खुशाल डिकींत ठेवावा.