गोष्ट थांबते तेव्हा

"पण मामा, कुणी असं मध्येच गातं का?"

पावसाळ्यात चार दिवस कळंबला राहायला आलेल्या भाच्याचा हा प्रश्न. आम्ही 'सिंगिंग इन द रेन' पाहत होतो. जीन केली प्रेयसीला दारापर्यंत सोडतो, वाट पाहणारी गाडी परत पाठवतो, छत्री मिटतो आणि भर पावसात रस्त्यावर गाऊ-नाचू लागतो. नाच भाच्याला आवडला होता. तक्रार एवढीच, की चाललेली गोष्ट तिथे थांबली. "तो खूश झालाय हे दारातच कळलं. मग एवढा वेळ पावसात कशाला?"

हॉलिवूडच्या त्या संगीतपटांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. 'साउंड ऑफ म्युझिक'ची गाणी शाळांच्या स्नेहसंमेलनांत आजही होतात आणि फ्रेड ॲस्टेरचे तुकडे मुलं मोबाईलवर पाहतात. प्रश्नही जुना आहे. पण तो मला दोन दिवस टोचत राहिला, कारण विचारणारा मराठी होता. ज्या भाषेच्या रंगभूमीनं पन्नास-साठ वर्षं पदांवर संसार केला, त्या भाषेतल्या मुलाला गाणारा माणूस खोटा वाटावा?

माझ्या मनात गाण्यांचे दोन वर्ग फार दिवसांपासून आहेत. एक निमित्ताचं गाणं, दुसरं उमाळ्याचं. निमित्ताच्या गाण्याला कथेत सबब असते. 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तुकोबा भजनच करतात. 'पिंजरा'त (१९७२) तमाशाचा फडच उभा आहे. 'फॉर्टीसेकंड स्ट्रीट'मध्ये (१९३३) नाटकाच्या तालमी चालल्या आहेत. 'कुंकू'त (१९३७) तर शांतारामबापूंनी हा नियम इतका कडक पाळला की पार्श्वसंगीत वापरलंच नाही, आणि नायिकेच्या गाण्याला साथ हवी तर तिथे ग्रामोफोन आणून ठेवला. उमाळ्याच्या गाण्याला अशी सबब नसते. 'सौभद्रा'तली सुभद्रा बोलता बोलता गाऊ लागते. केलीच्या रस्त्यावर एकही वादक दिसत नाही, तरी अख्खा वाद्यवृंद वाजतो. निमित्ताचं गाणं प्रेक्षकाची परवानगी काढून येतं. उमाळ्याचं गाणं थेट येतं, आणि माझा जीव कायम या दुसऱ्यावर आहे.

भाच्याला मी पहिलं उत्तर दिलं ते कीर्तनाचं. आमच्या भागात सप्ताह बसतो. बुवा निरूपण करत असतात, दृष्टान्त रंगात आलेला असतो, आणि वाक्य पुरं होण्याआधीच ते चरण उचलतात. टाळकरी ते झेलतात, मृदंग चढतो, आणि पुन्हा बोलणं सुरू होतं. बुवा मध्येच का गायले, असं समोरच्या हजार माणसांत कुणी विचारत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक केले, तेव्हा समोर बसलेला प्रेक्षक याच कीर्तनातून आलेला होता. साकी, दिंडी, अंजनीगीत त्याच्या कानांत आधीच मुरलेली होती. दुष्यंत गातो याचं त्याला नवल नव्हतं, तो कसा गातो एवढंच त्याला पाहायचं होतं. उमाळ्याचं गाणं खोटं वाटणं ही कानाची सवय सुटल्याची खूण आहे.

दुसरं उत्तर मला जास्त बळकट वाटत होतं. आमच्याकडच्या आगरी लग्नात धवलारीण असते. प्रत्येक विधीला तिचं गाणं ठरलेलं, आणि ते झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. इथे गाणं कामाला सोबत करत नाही, काम गाण्यानं होतं. अमेरिकेतल्या जाणकारांनी १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'ची थोरवी याच शब्दांत सांगितली आहे, की त्यातली गाणी कथा पुढे नेतात. मी म्हटलं, चांगलं गाणं गोष्ट थांबवत नाही, गोष्ट चालवतं.

भाचा आधी म्हणाला, हळदीला हल्ली डीजे असतो. ते खरं आहे, पण तो मुद्दा नव्हे. मग मात्र त्यानं नेमका घाव घातला. "धवलारीण लग्न पुढे नेते, मान्य. केली काय पुढे नेतो?"

याचं उत्तर माझ्याकडे त्या रात्री नव्हतं. म्हणून मी त्याच्या पूर्वजांशी भांडलो. ते पूर्वज म्हणजे 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेची मंडळी. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक त्यांनी आणलं, मूळ नॉर्वेच्या ब्यर्नसनचं. पदांची गर्दी हटवली, केशवराव भोळ्यांच्या चालींची मोजकी गाणी ठेवली. त्यांचा राग मी समजू शकतो. नाटकं पहाटेपर्यंत लांबत होती आणि गायकाच्या तानेपुढे नाटककार हतबल होत होता. बोलपट आला होता, अडीच-तीन तासांत सगळं आटोपत होता. सुधारणा हवीच होती. पण त्यामागून जी मोजपट्टी आपल्या घरात शिरली, ती मला अजून मान्य नाही. या प्रसंगी माणूस खरोखर गाईल का, अशी ती मोजपट्टी. तिनं मोजायचं तर 'ती फुलराणी'तलं मंजुळेचं प्रसिद्ध स्वगतही काढून टाकावं लागेल. रागावलेली मुलगी एकटीच उभी राहून इतका वेळ, इतकं लयीत, इतकं मोठ्यानं खरोखर बोलते का? भाच्यानं ते स्वगत वक्तृत्वाच्या नि अभिनयाच्या स्पर्धांत कितीदा ऐकलंय आणि दर वेळी टाळ्या वाजवल्यात. बोलणं लयीत चढलेलं चालतं, मग त्याला स्वर लागला की का चालू नये? 'ती फुलराणी' ज्यावर बेतलं, शॉच्या त्याच 'पिग्मॅलियन'चा 'माय फेअर लेडी' (१९६४) हा संगीतपट झाला आणि तिथे ती मुलगी गाते. दोघींचा संताप एकच आहे, आणि तितकाच खरा आहे.

त्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न दिसते, पण गाण्यांत आवाज बहुतेक मार्नी निक्सनचा आहे. इथे थोडं रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 'सिंगिंग इन द रेन'ची कथाच उसन्या आवाजाची आहे. १९२७ साली बोलपट आला, मूकपटाच्या नायिकेचा आवाज कर्कश निघाला, म्हणून पडद्यामागून दुसऱ्याच मुलीला गायला लावलं. ती पडद्यामागची मुलगी झाली डेबी रेनॉल्ड्स, आणि प्रत्यक्षात तिच्याही काही गाण्यांत आवाज बेट्टी नॉइसचा आहे. ती नायिकेचे संवाद म्हणताना दाखवली आहे, तिथे ऐकू येणारा सुरेल आवाज जीन हेगनचा, म्हणजे कर्कश नायिकेचं काम करणाऱ्या नटीचाच. आपल्याकडे २०११ मध्ये 'बालगंधर्व' आला.   पडद्यावर सुबोध भावे, गळा आनंद भाट्यांचा. ज्या माणसाचं सारं मोठेपण गळ्यात आणि देहात एकत्र नांदत होतं, त्याला दाखवायला दोन माणसं लागली, आणि तरी आपण त्यावर विश्वास ठेवला. खरेपणाची भाच्याची मोजपट्टी प्रेक्षक किती सहज बाजूला ठेवतो, याचा याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

खुद्द बालगंधर्व मात्र पडद्यावर रमले नाहीत. प्रभातनं १९३५ मध्ये त्यांना घेऊन 'धर्मात्मा' काढला, त्यात ते एकनाथ झाले. पुढचे बेत मोठे होते, पण एका चित्रपटानंतर ती भागीदारी संपली. कारणं अनेक सांगतात. स्त्रीभूमिकेचा राजा पुरुषवेषात लोकांना परका वाटला, हे एक. मला दुसरं एक दिसतं. चित्रपटाला वन्स मोअर देता येत नाही. नाट्यगृहात ते पद आळवत, लोक थांबवत, ते पुन्हा आळवत, प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं. पडद्यावरचं पद संपलं की संपलं. गोष्ट त्यांना ओढून पुढे नेत होती.

वन्स मोअरपाशी आलो आणि माझंच उत्तर माझ्या हातून सुटू लागलं. ८ जुलै १९२१ चा तो संयुक्त 'मानापमान' घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, एक भामिनी, एक धैर्यधर. नाटक १९११ पासून गाजत होतं. खाडिलकरांची गोष्ट आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली सगळ्यांना पाठ. पुढे काय होणार हे जाणून घ्यायला त्या रात्री कुणी आलं नव्हतं. लोक महागडी तिकिटं काढून आले ते गोष्ट थांबावी म्हणून. वन्स मोअर म्हणजे प्रेक्षकानं गोष्टीला दिलेला थांबण्याचा हुकूम.

म्हणजे भाच्याचं निरीक्षण बरोबर आहे. गाणं गोष्ट थांबवतं. त्यातून तो काढतो तो निष्कर्ष तेवढा मला पटत नाही. 'सिंगिंग इन द रेन'च्या शेवटाकडे जवळजवळ तेरा मिनिटांचं एक नृत्यनाट्य आहे. कथेशी त्याचा संबंध नाममात्र. कथा पुढे नेणारं गाणं चांगलं, हा नियम धरला तर ते पहिल्यांदा कापावं लागेल, आणि पाठोपाठ पावसातला नाचही. त्या नाचानं काहीच घडत नाही. शेवटी पोलीस येतो, केली छत्री एका वाटसरूला देऊन निघून जातो, बस. तरीही त्या चित्रपटातलं जगाच्या लक्षात राहिलं ते एवढंच.

याचं कारण मला असं दिसतं. दुःखाला गोष्ट असते. ते कुठून आलं, कुणामुळे आलं, पुढे काय झालं, हे सांगता येतं, सांगितल्यावर कळतंही. आनंदाला सांगण्यासारखं फारसं काही नसतं. 'तो खूश झाला' यात सगळं संपतं, आणि भाचा म्हणतो तसं ते दारातच कळतं. पण आनंद कळणं निराळं आणि त्यात काही वेळ राहणं निराळं. राहायला वेळ लागतो, आणि तो वेळ गोष्टीकडून काढून घ्यावा लागतो. करमणूक या शब्दाला आपण हलकं समजतो. मला वाटतं, माणसाला सुखात थोडा वेळ ठेवणं ही फार अवघड कला आहे. केलीला त्या चित्रीकरणात १०३ अंश फॅरनहाइट ताप होता. ॲस्टेरचा आग्रह असे की नाचताना नर्तक नखशिखान्त दिसला पाहिजे, कॅमेऱ्यानं तुकडे पाडायचे नाहीत. ही मेहनत कथा सांगण्यासाठी नव्हती. आनंद न फाटता, सलग, अंगभर दिसावा यासाठी होती.

आणि आता धवलारणीकडेही मला वेगळं पाहावं लागतं. हळद पाच मिनिटांत लावून होते. धवलारीण गाते म्हणून हळदीला वेळ लागतो. मुलगी घरातून जायच्या आधी सगळ्या बायकांना एकत्र बसायला, हसायला-रडायला जागा मिळते, ती त्या लांबवण्यात. लग्न पुढे नेण्याचा हक्क तिच्या हातात दिलाय, कारण ते किती वेळ रोखून धरायचं हे तिला कळतं. भाच्याला मी दिलेलं उदाहरण त्याच्याच बाजूचं होतं.

आजच्या मराठी चित्रपटाकडे पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण तिथे गोष्ट थांबतच नाही. गाणी कमी झालेली नाहीत, गाणारे कमी झालेत. नायक मोटरसायकलवरून जातो, ओठ मिटलेले, मागे गाणं वाजतं आणि त्याच्यावर गोष्ट भराभर पळवली जाते. प्रेम जमलं, नोकरी लागली, पाऊस आला, सगळं तीन मिनिटांत. 'नटरंग' आणि 'कट्यार काळजात घुसली'ला लोकांनी डोक्यावर घेतलं, पण दोन्हींत गाणं निमित्तानं येतं, फड आहे म्हणून किंवा दरबार आहे म्हणून. उमाळ्याच्या गाण्याला आपले दिग्दर्शक अजून बिचकतात. नेरळ रस्त्यावर आषाढाच्या सरीत, कडेच्या शेतांत भाताची आवणी चाललेली असताना, ज्याला आत्ताच कुणीतरी हो म्हटलंय असा एखादा पोरगा एसटीतून उतरावा आणि स्वतःच्या गळ्यानं गाऊ लागावा. कॅमेऱ्यानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत धरावं आणि त्याचं पुरं होईपर्यंत कापाकाप करू नये. गोष्ट तोवर नाक्यावर उभी राहील, तिला कसली घाई आहे?