जपून ठेवणे आणि जपून वापरणे

खिशात मावणाऱ्या छोट्या बॅटरीच्या काचेवर घरच्या घरी झाकण कसे बसवावे, हा काही धर्मग्रामाच्या पत्रिकेत लिहिण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. (टॉर्च, विजेरी हे शब्द पुस्तकातले. आपल्याकडे तिला बॅटरी म्हणतात आणि आत घालतो ते सेल. आम्हीही तेच म्हणू.) परंतु सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक सवय लागली, ती अजून उपयोगी पडते. मोठा प्रश्न उलगडत नसेल, तर तो लहानात लहान वस्तूवर ठेवून पाहावा. माणसाने काय राखावे आणि काय खर्चावे, हा मोठा प्रश्न आहे. तो आज आपण अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीच्या एका काचेवर ठेवून पाहू.

आधी कृती सांगतो. पहाटे होडीकडे जाणारा, पावसात वाडीत उतरणारा, रात्री आजाऱ्याच्या घरी निघालेला माणूस बॅटरी खिशात टाकतो. त्याच खिशात किल्ल्या असतात, सुट्टे पैसे असतात आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या खिशात वाळू असतेच असते. वाळूतले गारगोटीचे कण दिसायला बारीक, पण खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोहस् श्रेणीत ते ७ वर बसतात आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे वाळू काचेला ओरखडते. स्वस्त बॅटरीला तर काच नसून प्लॅस्टिकच असते, ते याहूनही मऊ. वर्षभरात तिचे तोंड मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखे दिसू लागते.

यावर उपाय सोपा आहे. मिठाईच्या पारदर्शक डब्याचे सपाट झाकण घ्यावे. त्यावर बॅटरीचे तोंड उपडे ठेवून पेनाने गोल आखावा आणि रेषेच्या किंचित आतून कात्रीने चकती कापावी. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन सेंटीमीटर रुंदीचे कडे कापावे. त्याचा घेर बॅटरीच्या डोक्यापेक्षा थोडा लहान हवा, म्हणजे ते ताणून घट्ट बसते. चकती काचेवर ठेवावी, कडे डोक्यावर चढवावे आणि त्याची थोडी कड पुढे सोडावी. ती कड आपोआप आत वळते व चकतीला धरून ठेवते. क्षणात चिकटणारा गोंद मात्र वापरू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट साय धरते आणि केलेले सारे वाया जाते. शिवाय गोंदाने चिकटवलेले झाकण काढता येत नाही, आणि ते काढता येणे फार महत्त्वाचे आहे.

आता हिशेब. प्रकाश हवेतून काचेत किंवा प्लॅस्टिकमध्ये शिरताना त्याचा साधारण ४ टक्के भाग पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. पलीकडून बाहेर पडताना पुन्हा तितकाच. म्हणजे एक चकती लावली की सुमारे ८ टक्के प्रकाश गेला. मूळची काच तेवढाच घेत असते. त्यामुळे दोन्ही मिळून शंभरातले पंचाऐंशीच्या आसपास बाहेर पडतात. चकती स्वच्छ, कोरी असतानाची ही गोष्ट. टाकाऊ डब्याची म्हणून ती फुकट मिळाली असे आपण म्हणतो खरे, पण तिची किंमत प्रकाशातून वसूल होतेच.

तेव्हा प्रश्न असा की, काच राखण्यासाठी प्रकाश द्यावा का? आणि काच राखायची ती तरी कशासाठी?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात, मनुष्याचे परमसुख देहाच्या हितात असते का, याची चर्चा केली आहे. तेथे ते जहाजाच्या कप्तानाचा दाखला देतात. जहाज सुरक्षित ठेवणे हे कप्तानाचे अंतिम ध्येय असू शकत नाही, कारण जहाज स्वतःसाठी नसते, ते प्रवासासाठी असते. त्याचप्रमाणे देह सांभाळणे हेच जीवनाचे ध्येय असू शकत नाही. आपल्या कोळी बांधवांना हे ग्रंथ न वाचताही कळते. पावसाळ्यात होडी ओढून वर घेतात, तिच्यावर छप्पर घालतात, तिची डागडुजी करतात. पण सारे लक्ष ती पुन्हा पाण्यात कधी लोटायची याकडे असते. लाकडी होडी फार काळ कोरडी ठेवली, तर फळ्या सुकून सांध्यांच्या फटी उघडतात, हेही त्यांना ठाऊक असते. राखलेली वस्तू राखल्यानेच बिघडते, ती अशी.

आपल्या मराठीने हा भेद दोन साध्या बोलांत ठेवला आहे. एक ‘जपून ठेवणे’, दुसरे ‘जपून वापरणे’. दोहोंत जपणे आहेच. पहिल्यात वस्तू कपाटात जाते, दुसऱ्यात ती हातात राहते. औषधाच्या बाटलीचे टोपण बॅटरीवर बसवले तर तिची काच उत्तम राहील आणि प्रकाश शून्य मिळेल. ते झाले ठेवणे. पारदर्शक चकती थोडा प्रकाश घेते आणि बाकीचा जाऊ देते. ते झाले वापरणे. आपल्या घरांकडे या नजरेने पाहावे. रिमोटवरची दुकानातून आलेली पिशवी निघत नाही आणि आतली बटणे दिसेनाशी होतात. सोफ्यावर खोळ, खोळीवर चादर. काचेच्या कपाटातले कप कोणत्या पाहुण्यासाठी आहेत, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. (याबाबतीत आमचे धर्मगुरू-निवासही मागे नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.) दिव्यावर माप पालथे घालण्याविषयी प्रभूने काय सांगितले, ते आपण सर्व जाणता.

पण बंधुभगिनींनो, ही गोष्ट हसून सोडून देण्याइतकी सोपी नाही. आपल्या धर्मग्रामातील एका आजीकडे आम्ही पवित्र कम्युनियन घेऊन जातो. तिच्या मुलाने आखातातून एक चांगली बॅटरी पाठवली होती. आजीने ती खोक्यासकट, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. एका रात्री वीज गेली. आजी भिंत चाचपडत मागच्या पडवीत गेली आणि ओल्या लादीवर घसरली. खुब्याचे हाड मोडले. मुलगा धावत आला. त्याने कपाट उघडून बॅटरी काढली, तर आतल्या सेलमधून रसायन गळून स्प्रिंग गंजलेली. सेल आत ठेवून बॅटरी पडून राहिली की असे होते. “एवढ्या लांबून त्याने पाठवली, फादर. ती रोज कशी वापरायची?” आजी आम्हांला म्हणाली.

तिला कंजूष कोण म्हणेल? बॅटरीवर तिचा जीव नव्हता, तो मुलावर होता, आणि मुलगा जवळ नसल्यामुळे ती बॅटरीला सांभाळत होती. लोभाने ठेवलेल्या वस्तूविषयी बोलणे आम्हां प्रवचनकारांना सोपे जाते. प्रेमाने ठेवलेल्या वस्तूविषयी काय बोलावे? एवढेच म्हणता येईल की, ती बॅटरी मुलाने आईच्या पायांपुढे उजेड पडावा म्हणून पाठवली होती. देणाऱ्याचा हेतू ज्या वापरात पुरा होतो, त्या वापरातच देणाऱ्याचा मान आहे. आणि बॅटरीवर ओरखडे पडणारच, ही भीती जर आजीला होती, तर रबराच्या कड्याने आणि प्लॅस्टिकच्या चकतीने तिचे अर्धे काम झाले असते. म्हणून आम्ही ही क्षुल्लक कृती इतक्या तपशिलाने सांगितली.

गरीब माणूस वस्तू ठेवून देतो, कारण ती गेली तर दुसरी येणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ज्याला दुसरी घेता येते, त्याने पहिली बेफिकीर वापरण्याचा उपदेश करू नये. ॲरिस्टॉटलने सद्गुण म्हणजे मध्य असे म्हटले, पण तो मध्य फूटपट्टीने मोजायचा नाही, हेही सांगितले. मिलो या पहिलवानाला जेवढे अन्न थोडे, तेवढे नुकतीच तालीम सुरू करणाऱ्याला फार, असे त्याचे उदाहरण आहे. झाकणाचेही तसेच आहे. वाळूत आणि खाऱ्या पाण्यात वावरणाऱ्याने जाड चकती लावावी, थोडा प्रकाश गेला तरी चालेल. उशाशी बॅटरी ठेवणाऱ्याला कदाचित झाकणाची गरजच नाही. मऊ कापडाची पिशवी पुरते.

आणखी एक बाजू आहे, ती अधिक गंभीर आहे. झाकण नेहमी दिव्याच्या भल्यासाठी नसते. १९७१ च्या युद्धात मुंबई आणि परिसरात रात्री काळोख पाळला जाई. खिडक्यांना काळा कागद लागला, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला गेला. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. तिथे प्रकाश झाकला तो माणसे वाचावीत म्हणून. त्याहून जुनी एक गोष्ट इंग्लंडची. २५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळच्या फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ पुरुष आणि मुलगे मरण पावले. जॉन हॉजसन हे तेथले अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांनी या दुर्घटनेचा वृत्तांत छापला. पुढे १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी लावलेला दिवा तयार केला. ज्योतीची उष्णता जाळीच्या धातूत पसरते आणि बाहेरचा वायू पेटत नाही. डेव्हीने या शोधाचे पेटंट घेण्यास नकार दिला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

जाळीने प्रकाश बराच घेतला. खाणकामगार अंधुक उजेडात काम करू लागले. आणि झाले असे की, धोक्याच्या म्हणून बंद ठेवलेल्या जागाही आता दिवा आहे म्हणून खणण्यास उघडल्या गेल्या. स्फोट थांबले नाहीत. १८३५ च्या ब्रिटिश संसदेच्या चौकशीत हा मुद्दा पुढे आला. दिवा चांगला होता, जाळी चांगली होती. परंतु जाळीमुळे मिळालेली सुरक्षितता जमिनीखालच्या माणसाच्या वाट्याला पूर्ण आली नाही. वर बसलेल्यांनी ती अधिक कोळशासाठी खर्च केली.

यावरून आम्हांला वाटते की, कोणतेही झाकण घालताना दोन गोष्टी विचाराव्यात. कोणाचा प्रकाश कमी होतो आहे? आणि जे वाचते ते कोणाला मिळते? आपल्या घरातल्या मुलीला दुसऱ्या शहरात नर्सिंगला किंवा नोकरीला पाठवायचे नाही, ‘तिला जपायचे आहे’ म्हणून, असे आईवडील आमच्याकडे येऊन सांगतात. त्यांची माया खरी असते. पण प्रकाश तिचा कमी होतो आणि झोप आपल्याला लागते. तिला पाठवावे की नाही, हे त्या घराने ठरवावे. मात्र तिच्याशी बोलताना हे दोन प्रश्न त्या खोलीत असावेत आणि मुलीलाही त्यांची उत्तरे देऊ द्यावीत.

काढता येणारे झाकण महत्त्वाचे असे आम्ही वर म्हटले, त्याचे कारण राहिले. पावसाळ्यात चकती आणि काच यांच्यामध्ये दमट हवा अडकते, धुके धरते, मग बुरशीचे डाग पडतात. बाहेरून सारे सुरक्षित दिसते आणि आतून काच खराब होते. म्हणून आठवड्यातून एकदा कडे काढावे, दोन्ही गोष्टी कोरड्या कराव्यात. पुसण्याआधी चकती पाण्याखाली धरावी, नाहीतर सदऱ्याच्या टोकाने पुसताना वाळूच ती घासते. चकती धुरकट झाली की दुसरी कापावी. त्यासाठीच ती आहे. महिनाभर बॅटरी लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत.

मिठाईचे डबे प्रत्येक घरात असतात. ट्यूबचे तुकडे सायकल दुरुस्त करणारे बहुधा पैसे न घेता देतात. आपल्या युवकांनी काही कडी कापून ठेवली आहेत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात ती मिळतील. येताना आपली बॅटरी बरोबर आणावी, म्हणजे माप घेता येईल. एखादी कपाटात ठेवलेली असेल, तर तीच आणावी.